पिवळं आलं म्हणजे चांगलं

बंगल्यामागचा पोहायचा पूल म्हणजे घरातल्या सगळ्यांनी मिळून केलेली एकच अंघोळ. फरक इतकाच, की त्या अंघोळीचं पाणी कुणी ओतून देत नाही. आज ज्यात अंग धुतलं त्यातच उद्या पुन्हा उतरायचं. मी हे पूलवाल्यांना तोंडावर सांगते. ते हसतात, त्यांना वाटतं मॅडम गमतीच्या आहेत. मी गंमत करत नसते.

ते पाणी तपासणं हे माझं काम. दौंडहून स्कूटीवर निघायचं. एक दिवस खुटबाव-राहूची बाजू, दुसऱ्या दिवशी चौफुल्यावरून न्हावरे आणि पुढे शिरूर. डिकीत तपासणीची पेटी, हातमोजे आणि मळमळ थांबवायला आवळा सुपारी. आधी मी एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये होते. तिथलं कंत्राट संपलं, आणि शिरूरच्या एका पूल बांधून देणाऱ्या दुकानदारानं मला बोलावून घेतलं. केमिस्ट्रीची पदवी एवढं त्याला पुरेसं होतं. मला वाटलं, निळं पाणी, कडेला झाडं, बसायला खुर्च्या, यात वाईट काय आहे? तो समज पहिल्याच आठवड्यात धुऊन निघाला.

काय काय सापडतं म्हणून सांगू! केस तर धरतच नाही मी, ते सगळीकडे असतात, गाळणीच्या टोपलीतून ओल्या उंदरासारखे निघतात. पण जखमेवरच्या पट्ट्या, गुटख्याच्या पुड्या, फुगून उशीएवढा झालेला डायपर, मटणाचं चोखलेलं हाड. न्हावऱ्याच्या एका घरी पोरांच्या बापानं डोक्याला कलप लावला आणि धुवायला थेट पुलात बुडी मारली. कडेच्या टाईल्सवर काळी रेघ उठली ती अजून आहे. तशी रेघ प्रत्येक पुलाला असते. काळी नसेल तर पिवळट, तेलकट, पाण्याच्या पातळीला धरून चारी बाजूंनी गेलेली. बोटानं पुसली की बोट चिकट होतं. तो चिकटपणा माणसांचा असतो, घरातल्यांचा आणि पाहुण्यांचा मिसळून.

आणि वास. पुलाशी गेलं की मालक छाती भरून श्वास घेतात आणि म्हणतात, "वास बघा मॅडम, कसला क्लोरीन हाय!" तो उग्र वास क्लोरीन भरपूर असल्याचा नसतो. घामाशी आणि लघवीशी झुंजून संपत आलेल्या क्लोरीनचा तो वास असतो. पाणी चांगलं असेल तर वास जवळजवळ येतच नाही. खुटबावला एका घरी मी हे सगळ्यांसमोर सांगितलं. बापानं पोरांकडे पाहिलं, पोरांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि खुर्चीत बसलेले आजोबा उठून आत निघून गेले.

तरी हे काम मी सोडलं नाही, त्याला एक कारण आहे आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही. माझ्या आज्याला याच भागातल्या एका विहिरीवर लांबून, वरून ओंजळीत पाणी ओतायचे. त्याचा हात लागला तर विहीर बाटायची. आमच्या घरात ही गोष्ट कुणी बसून सांगत नाही, ती सगळ्यांना माहीतच असते. आता त्याच लोकांच्या नातवंडांच्या पाण्यात मी काचेची नळी बुडवते, उजेडात धरते आणि नाक मुरडते. ते माझ्या तोंडाकडे बघत उभे राहतात. मॅडम काय म्हणतात? चालेल का? किळस वाटून घ्यायलाही माणसाला मान लागतो. आमच्या घरात तो पहिल्यांदा मला मिळाला, आणि मी तो पुरेपूर वापरते.

आप्पांचा बंगला राहूच्या अलीकडे, उसाच्या रानात. आप्पा म्हणजे साठीतले गृहस्थ, पांढरा शर्ट, पांढरी पँट, गावच्या दूध संस्थेचे चेअरमन. त्यांनी पूल बांधला तो पाहुण्यांनी बघावा म्हणून. पुलाच्या एका टोकाला गोल जाकुझी करून घेतली होती, गरम पाण्याची. तिला वेगळं पाणी नसतं. पंप पुलातलंच पाणी ओढतो, तापवतो आणि बुडबुडे करून तिच्यात सोडतो. ही जाकुझी आप्पा म्हणत त्याप्रमाणे "हिच्या गुडघ्यांसाठी" होती. ही म्हणजे काकी, त्यांची बायको.

आप्पांना पाणी तपासायची भारी हौस. मी आठवड्यातून एकदाच जाणार, म्हणून मधल्या दिवसांसाठी मी त्यांना ओ.टी.च्या थेंबांची छोटी पेटी दिली होती. ग्रामपंचायतीचा माणूस नळाचं पाणी तपासतो तीच रीत. नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं. "पिवळं आलं म्हणजे चांगलं, पांढरं राहिलं तर कुणाला उतरू देऊ नका," एवढं मी त्यांना शिकवलं, आणि त्यात काही चूक नव्हती. आजही कुणाला शिकवायची वेळ आली तर तेच शिकवीन.

पण आप्पांचं आयुष्य दुधात गेलेलं. ते पुलाचं पाणी दुधासारखं तपासत. आधी ढवळायचं, मग संस्थेतल्या मापानं वरून घ्यायचं, नळी तिरकी करून काचेवरून ओघळ कसा उतरतो ते बघायचं, मग वास, आणि सगळ्यात शेवटी थेंब. एकदा मी गेले तर ते पुलाच्या कडेला उकिडवे बसून बादलीत लॅक्टोमीटर सोडत होते. मी विचारलं, "आप्पा, हे काय?" तर म्हणाले, "न्हाई, म्हनलं बघावं पानी कितपत हाय." पाण्यात पाणी किती आहे, हे मोजणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. मी हसू दाबलं. तेव्हा ते मला हसण्यावारी नेण्यासारखं वाटलं होतं.

काकी मला पहिल्याच दिवशी आवडल्या. मी पेटी आवरत होते, त्या चहा घेऊन आल्या आणि विचारू लागल्या, कुठल्या तुम्ही? म्हटलं दौंडची. "दौंडात कुठं?" मी वॉर्डाचं नाव सांगितलं. ते सांगितलं की आमच्याकडे पुढचं काही विचारावं लागत नाही. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं, स्वतःच्या कपातला अर्धा चहा बशीत ओतून घेतला आणि तोच कप माझ्यापुढे सरकवला. "साखर न्हाई बरं का ह्यात," त्या म्हणाल्या, "मला बंदी हाय." तसला पांचट चहा मी दुसऱ्या कुणाकडे प्याले नसते.

साखरेनं काकींचे पाय बधिर केले होते. खडा रुतला तरी कळायचं नाही, फरशीवर रक्त दिसलं की कळायचं. डॉक्टरांनी त्यांना बजावून ठेवलं होतं, की पायाला जपा, एखादी साधी जखम झाली तरी ओल लागू देऊ नका, पाय गेला तर सगळं गेलं. गुडघ्यांना मात्र गरम पाण्यानं आराम पडायचा. म्हणून पायाला कुठे काही लागलेलं नसेल त्या दिवशी त्या जाकुझीच्या कडेला बसून पोटऱ्यांपर्यंत पाय सोडायच्या, तेही सकाळी, कुणी उतरायच्या आत, आणि फक्त मी जाईन त्या दिवशी.

"तू हां म्हनल्याबिगर मी पाय घालत न्हाई," त्या म्हणायच्या. एव्हाना मी 'तुम्ही'ची 'तू' झाले होते. "ह्यांच्या पिवळ्यावर माझा भरोसा न्हाई."

काकींची किळस माझ्यासारखी पगारी नव्हती, अंगातली होती. गोठ्यात जन्म गेलेली बाई, शेणात कोपरापर्यंत हात घालताना त्यांना काही वाटत नसे. पण दुसऱ्याच्या ताटातला घास, दुसऱ्याचा टॉवेल, दुसऱ्यानं अंग बुडवलेलं पाणी म्हटलं की त्यांचा चेहरा आंबट व्हायचा. "शेण घान न्हाई गं. मानसाचं अंग घान." मी म्हणायचे, काकी, तुम्ही आमच्या दुकानात नोकरीला या. त्या हसायच्या, आणि पाण्यात पाय हलवत बसायच्या. ती सकाळची वेळ त्यांना आवडायची. घरात दुसरीकडे कुठेही त्यांनी हां किंवा नाही म्हटलेलं मी ऐकलं नाही.

मग त्यांच्या मुलाचं लग्न निघालं.

हल्ली आमच्याकडे हळद पुलात असते. पूर्वी मांडवात पाटावर बसवून लावायचे, नवऱ्या मुलाचं अंग पिवळं झालं की मोरीवर नेऊन अंघोळ घालायचे, झालं. आता ज्याच्याकडे पूल आहे त्याच्याकडे हळद म्हणजे रंगपंचमी. आप्पांकडची हळद मी पाहिली ती त्यांच्या व्हॉट्सॲप स्टेटसवर. डीजे, पिवळे कुडते, पिवळ्या साड्या, हातात घमेली. होय, घमेली. त्यात हळद, बेसन आणि तेल कालवलेलं. नवऱ्या मुलाला फासून ढकललं पाण्यात, मग त्याच्या मित्रांना, मग मामांना, मग ज्याला त्याला. कुणाच्या अंगावरून पिवळे ओघळ चाललेले, कुणी पुलातच उभं राहून चूळ भरतंय. एक गृहस्थ पाण्यात बसून भजी खात होते. मी जेवत होते, ताट बाजूला सारलं. स्टेटसच्या खाली आप्पांनी लिहिलं होतं, 'आनंदाचे क्षण'.

मी लगेच फोन केला. म्हटलं, आप्पा, ते पाणी काढून टाका, निदान कुणाला उतरू देऊ नका. ते म्हणाले, "व्हय व्हय, बघतो," आणि मागं डीजे एवढा वाजत होता, की त्यांना काय ऐकू गेलं ते देवाला ठाऊक.

लग्न पार पडलं. त्यानंतरच्या पूजेच्या दिवशी माझी नेहमीची फेरी होती. मे महिन्याचं ऊन, सकाळीच अंगाची लाही होत होती. दारात गाड्या, मांडवात सत्यनारायणाची तयारी, नव्या सुनेचे आईवडील आणि त्यांच्याकडचे नातेवाईक पुण्याहून आलेले. मी मागच्या बाजूला गेले आणि पदर नाकाला लावला.

पूल पिवळा होता. आमटीत पाणी जास्त झालं की दिसते तसला पिवळा. वर तेलाचे चट्टे, कडेला बेसनाचे गोळे, झेंडूच्या पाकळ्या कुजून तपकिरी झालेल्या. पूल झाडणारा बिहारचा गडी हताश होऊन जाळी धरून उभा होता. म्हणाला, "जाली कितनी बार धोया मैडम, फिर भी पीला ही निकलता है." वास क्लोरीनचा अजिबात नव्हता. वास होता तो तळणीच्या कढईत दोन-चार दिवस पाणी घालून ठेवल्यावर येतो तसला. आणि जाकुझी चालू होती. हे सगळं तापून, बुडबुडे घेऊन तिच्यातून उकळल्यासारखं वर येत होतं. आवळा सुपारी तोंडात टाकली, ती सुद्धा गिळवेना.

पुलाच्या कडेला आप्पा व्याह्यांना घेऊन उभे होते. मागे दोन्हीकडची पाहुणेमंडळी. व्याही चष्मा पुसत म्हणत होते, "पाणी जरा पिवळसर दिसतंय, नाही?"

"दिसतंय न्हवं, हायच!" आप्पा म्हणाले. "पिवळं म्हंजी चांगलं. ह्या बघा आमच्या मॅडम आल्या, त्यांनाच इचारा." आणि माझ्या तोंडून काही निघायच्या आत त्यांनी खिशातून नळी काढली, पाणी घेतलं, थेंब टाकले आणि नळी उन्हात धरली. पिवळी धमक. "फुल्ल!"

मी म्हटलं, "आप्पा, थांबा. ती हळद आहे." मी माझी नळी भरली आणि थेंब न टाकता तशीच त्यांच्यापुढे धरली. "हे बघा, काहीच टाकलं नाही, तरी पिवळं. तुमच्या नळीत दिसतंय ते क्लोरीन नाही. क्लोरीन हळदीनं आणि तेलानं कधीच खाऊन टाकलंय."

आप्पांनी माझी नळी पाहिली, मग स्वतःची पाहिली आणि पाहुण्यांकडे वळून अभिमानानं म्हणाले, "बघा! थेंब न टाकताबी पिवळं. एवढं क्लोरीन हाय, का थेंबाची बी गरज न्हाई!"

पाहुण्यांनी माना डोलावल्या. मला वाटलं डोकं आपटून घ्यावं. मी पेटीतून दुसऱ्या तपासणीची गोळी काढली, क्लोरीन असेल तर पाणी गुलाबी करणारी. टाकली, हलवली, सगळ्यांना दाखवली. गुलाबीचा पत्ता नव्हता. "यात क्लोरीन शून्य आहे," मी आवाज चढवून म्हटलं. "इतक्या लोकांच्या अंगाची घाण उन्हात तापत पडली आहे. यात बोट सुद्धा घालू नका."

"मॅडम, हळदीचं घर हाय, गुलाबी कशापाय व्हईल?" आप्पा म्हणाले, आणि मंडळी हसली.

पण विहीणबाईंना हसू आलं नव्हतं. त्या दोन पावलं मागं सरल्या आणि साडी सावरत म्हणाल्या, "आम्ही नाही बाई उतरणार असल्या पाण्यात." आप्पांचा चेहरा उतरला. मला सुटल्यासारखं वाटलं. म्हटलं आता तरी पंप बंद होईल. आप्पांनी पंप बंद केला नाही. त्यांनी मांडवाकडे तोंड करून हाक मारली, "अगं ए, इकडं ये जरा!"

काकी आल्या. नवी कोरी पैठणी, कपाळाला मळवट, आणि पायात चपला नव्हत्या. उजव्या पायाच्या अंगठ्याला आणि शेजारच्या बोटाला फडक्याची चिंधी गुंडाळलेली. लग्नासाठी घेतलेली चप्पल चावली होती, त्यांना कळलीच नव्हती. चप्पल काढताना सुनेनं रक्त पाहिलं.

"बस की," आप्पा म्हणाले. "पाय सोड जाकुझीत. रोज बसती ही पाव्हणं, गुडघं पार बरं झालं हिचं."

काकींनी पाण्याकडे पाहिलं. "नगं," त्या हळूच म्हणाल्या. "पायाला लागलंय."

"गरम पान्यानं बरं वाटंल."

"नगं म्हनते ना. मला शिसारी येती त्या पान्याची. कोन कोन लोळलंय त्यात."

"शिसारी येती म्हनं!" आप्पा टाळी वाजवून हसले. "आली मोठी रानीसाहेब! सगळी जिंदगी शेनात गेली, आन् आता हिला शिसारी येती!" पाहुणे पुन्हा हसले. या खेपेला विहीणबाई सुद्धा हसल्या.

मी पुढं झाले, काकींचा दंड धरला. म्हटलं, "काकी, मी हां म्हटलेलं नाही. चला आत." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मांडवाच्या खांबाला टेकून नवी सून उभी होती, हिरव्या चुड्यातली, डोळे मोठे करून सगळं बघत. काकी तिच्याकडे बघत होत्या.

"गप, पोरी," त्या मला म्हणाल्या. "नवी सून बघतीय."

आणि त्या बसल्या. फडकं सोडलं, साडी वर घेतली आणि दोन्ही पाय त्या पिवळ्या उकळीत घातले. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. ओठ घट्ट मिटलेले, नाकपुड्या आवळलेल्या, ओकारी आवरताना माणसाचं होतं तसं. पाय त्यांना जाणवत नव्हते, पण किळस जाणवत होती. आप्पा व्याह्यांना सांगत होते, पंप कुठल्या कंपनीचा आहे, बुडबुडे कमी-जास्त कसे होतात. प्रसादाचं बोलावणं येईपर्यंत काकी तशाच बसून होत्या. मग कुणीतरी त्यांना हात देऊन उठवलं. मी तिथून प्रसाद न घेता निघाले.

पुढचं मला फोनवरून कळत गेलं. पाय सुजला. मग ताप आला. दौंडच्या डॉक्टरांनी पाय पाहून लगेच पुण्याला पाठवलं. तिथे अंगठा आणि शेजारचं बोट काढलं, आणि काही दिवसांनी पुन्हा नेऊन अर्धा तळवा काढला. मी भेटायला गेले तेव्हा त्या खिडकीकडे तोंड करून झोपल्या होत्या. मी टेबलावर ठेवलेल्या पाण्याच्या बाटलीचं झाकण त्यांनी उघडायला लावलं, वास घेतला आणि मगच घोट घेतला.

आप्पा सगळ्यांना सांगत फिरत होते, की चपलेची जखम होती, ती चिघळली. डॉक्टरांना विचारलं तर तेही म्हणाले, साखर एवढी वाढलेली, जखम आधीची, नेमकं कशानं झालं ते सांगता येत नाही. येत नसेल. मला सांगता येतं. मी त्या दिवशीची नळी पाहिली आहे.

मी त्या घरी पुन्हा जाणार नव्हते. दुकानदारालाही तसं सांगून टाकलं होतं. पण पावसाळा सरत आला तेव्हा काकींचाच फोन आला. "पानी बदललंय ह्यांनी. तू येऊन बघून जा," म्हणाल्या. मी विचारलं, "काकी, तुम्हाला बसायचंय का?" त्यावर त्यांनी फोन ठेवून दिला. मी गेले.

पूल खरंच स्वच्छ केला होता. तळापर्यंतच्या टाईल्स दिसत होत्या, कडेची रेघ सुद्धा घासून काढलेली. वास नव्हता. आप्पा पांढऱ्या कपड्यांत, हातात नळी घेऊन माझी वाट बघत होते. काकी कडेच्या खुर्चीत होत्या, शेजारी चार पायांची काठी, उजव्या पायात डॉक्टरांनी दिलेला काळा बूट. त्यांनी मला चहा दिला, पूर्वीसारखाच, बशी त्यांना आणि कप मला.

"मॅडम, आता बघा पानी," आप्पा म्हणाले. "एक नंबर. मी सोता उभं राहून भरलंय. आता हिनं रोज बसावं, दुसरा पाय तरी धड ऱ्हाईल."

माझं डोकं फिरलं. मी पेटी उघडलीच नाही. म्हटलं, "आप्पा, एक विचारू? इतकी वर्षं मी येते. सगळे उतरलेले पाहिले. तुम्हाला या पाण्यात कधी पाहिलं नाही. हळदीच्या दिवशी सुद्धा तुम्ही कोरडेच होता. का?"

त्यांना प्रश्नाचं काही वाटलं नाही. खोटं बोलावं असंही वाटलं नाही. त्यांनी नाक वर ओढलं, तोंड वाकडं केलं, अगदी मी करते तसं, आणि म्हणाले, "मी? छ्या! दुसऱ्याच्या अंघुळीच्या पान्यात? मला न्हाई बा जमत. मला पहिल्यापासनं त्याची लई घान वाटती."

गोठ्याकडून दुधाच्या कॅनचा आवाज येत होता. आप्पा आपण काय बोललो याचा विचारही न करता नळीवरचा डाग बोटानं पुसत होते. काकी त्यांच्याकडे बघत होत्या. मी त्या बाईला इतक्या दिवसांत रागावलेलं पाहिलं नव्हतं, आणि आताही तो राग म्हणता येणार नाही. एखाद्या वस्तूत अळी दिसली की माणूस जसं बघतो, तसं त्या नवऱ्याकडे बघत होत्या.

मग त्यांनी काठी ओढली, उठल्या, एक एक पाय टेकवत पुलाच्या कडेशी आल्या. मी धरायला गेले तर हातानं मागे सारलं. त्या वाकल्या आणि त्या निळ्या, घासलेल्या, एक नंबर पाण्यात थुंकल्या. बारीकशी नाही, घसा खाकरून, तोंड भरून.

"अगं ए! पान्यात थुकती व्हय?" आप्पा ओरडले.

"कर टेस्ट," काकी मला म्हणाल्या.

हाताला लागलेली दुसऱ्याची लाळ मी दिवसभर धूत बसते, अशी बाई आहे मी. पण त्या थुंकीची मला किळस आली नाही. मी पेटी उघडली, गुडघ्यावर बसले आणि जिथं ती तरंगत होती तिथूनच नळी भरली. थेंब टाकले. हलवली. उजेडात धरली. पाणी हळूहळू पिवळं झालं, खरं पिवळं, फिकट लिंबाच्या सालीसारखं, जेवढं हवं तेवढंच. दुसऱ्या नळीत गुलाबीची गोळीही टाकून पाहिली. ते गुलाबी झालं.

मी उठले आणि दोन्ही नळ्या आप्पांच्या हातात दिल्या.

"चांगलं आहे पाणी," मी म्हटलं. "मी हां म्हणते. उतरा, आप्पा."

काकी कडेला काठीवर भार देऊन उभ्या होत्या. आप्पांनी नळ्यांकडे पाहिलं, पाण्यावर पसरत चाललेल्या पांढऱ्या फेसाकडे पाहिलं आणि आपली चप्पल कडेपासून मागे घेतली.